खराटा आणि पोकळ उंबर

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक साळू आपल्या वयात येणाऱ्या लेकीला घेऊन राहत असे. साळूच्या अंगभर काटे, आणि जिभेलाही तेवढेच. त्या जंगलात एक जुना पोकळ उंबर होता. त्याच्या ढोलीत तोंड घालून बोललं, की आवाज पार ओढ्यापलीकडे घुमायचा. बोलणारा कोण, ते मात्र कुणाला दिसायचं नाही. वणवा पेटला, की सगळ्यांना सावध करायला ती ढोली फार कामाची.

एके दिवशी साळूची लेक पाण्याला निघाली, तर ढोलीतून आवाज आला, "खराटा चालला, खराटा. सरका, रस्ता झाडून होऊ द्या." सगळं जंगल फिदीफिदी हसलं. माकडांनी ते फांदीफांदीवर पोचवलं आणि प्रत्येकानं पदरचं थोडं जोडलं. मग हे रोजचंच झालं. लेक पाण्याला जाईना, नीट खाईना, मैत्रिणींना टाळू लागली, आईवर उगाच खेकसू लागली. शेवटी आईला बिळात काट्यांचा ढीग सापडला. पोरगी स्वतःचेच काटे उपटत होती.

"आई, काटे नसले तर मी हरणासारखी दिसेन ना?"

"दिसशील. आणि हरणासारखीच बिबट्याच्या पोटात जाशील." साळू म्हणाली. तिनं लेकीला जवळ बसवून सगळं विचारून घेतलं आणि तडक उंबर गाठला. मुळाशी असलेल्या भोकातून ती आत शिरली आणि ढोलीच्या तोंडाकडे पाठ करून, काटे फुलवून बसली.

थोड्या वेळानं कुणीतरी मोठ्या हौसेनं आत तोंड खुपसलं. "ख..." एवढंच जंगलाला ऐकू आलं, आणि पाठोपाठ अशी केकाटणी, की विचारू नका. कोल्हा नाकात काटे घेऊन ओढ्याकडे पळाला. आता तोंड लपवतो कुठं? साळूही ढोलीतून निघून त्याच्या मागोमाग ओढ्यावर पोचली.

"काकू, मी नुसती थट्टा केली," तो कण्हत म्हणाला.

"थट्टेत दोघं हसतात. माझी पोर कधी हसली?"

कोल्ह्यानं मान खाली घातली. माकडं मात्र पोट धरून हसत होती. कोल्ह्याला नवं नाव ठेवून ते पुढच्या फांदीवर न्यायची त्यांची तयारीही झाली होती. साळू त्यांच्याकडे वळली. "हा दिवसातून एकदा बोलायचा. दिवसभर माझ्या पोरीच्या कानाशी ते कुणी नेलं? आता उतरा खाली, याच्या नाकातले काटे काढा आणि तोंडं मिटा."

माकडं निमूट उतरली. तेवढ्यात लेक ओढ्यावर आली. पाठीवर जागोजाग टक्कल पडलेलं, तरी ती सगळ्यांसमोरून चालत गेली आणि पोटभर पाणी प्यायली. नवे काटे यायला वेळ लागणार होता. आईला घाई नव्हती.

तात्पर्य : उंबराची ढोली असो की हातातला मोबाइल, तोंड लपवून टोचणारा एकच असतो, हसत हसत पुढे पाठवणारेच त्याचे शंभर करतात. आणि ज्याला टोचलं, त्यानं स्वतःचे काटे उपटत बसू नये, घरी सांगावं.