मातीचा घास

एका राज्यात, जिथे ढग राजाची परवानगी घेऊन बरसत आणि पक्षी माणसांशी भांडत, तिथे हेमांगद नावाचा राजा होता. त्याची बाग अशी होती, की गळणारे पान जमिनीला टेकण्याआधीच सेवक ते झेलून नेत. बागेत पाऊल टाकायची मुभा कोणालाच नव्हती. राजाची एकुलती एक लेक दुर्वा, तीसुद्धा खिडकीतूनच फुले पाही.

एके दिवशी कुंपणाच्या फटीतून गावची पोरे आत शिरली आणि वाफ्यात बसून मातीच्या भाकऱ्या थापू लागली. राजा गरजला, "हाकला यांना! काय ही घाण!"

त्या पोरांत गोमा चेटकिणीची नात होती, तगर. नात रडत घरी गेली, तशी चेटकीण फाटकाशी आली. तिने आवाज चढवला नाही.

"राजा, मातीला घाण म्हणालास. आता तुझ्या लेकीच्या प्रत्येक घासात माती येईल."

त्या दुपारपासून दुर्वेला खीर मातीसारखी लागू लागली आणि दूध गढूळ पाण्यासारखे. ती जवळजवळ प्रत्येक घास थुंकून टाकी. आचारी बदलले, वैद्य बदलले. लेक वाळत चालली. तिच्या हातातल्या बांगड्या गळून पडू लागल्या, तेव्हा राजा तिला घेऊन टेकडीवर चेटकिणीच्या दारी गेला.

छपरावर सातभाई पक्षी बसले होते, सातही एकदम बोलणारे.

"आले, आले!" "कोण रे?" "तेच ते, घाणवाले महाराज!"

राजाने मान खाली घातली. "बाई, शाप मागे घ्या."

"शाप मागे घेता येत नाही, उतरवावा लागतो," चेटकीण म्हणाली. "तीन कामे आहेत. तू आणि तुझी लेक मिळून करा. सेवक नको, मंत्र नको. आधी माती तयार करा. मग तिच्यात मुळा पिकवा. आणि पहिला मुळा ज्यांना हाकललेस, त्यांच्यातल्या एकाच्या हाती द्या."

"मग माझी लेक खाणार काय?"

"ते मी सांगितलेले नाही." तिने दुर्वेच्या मुठीत मुळ्याचे बी ठेवले.

राजाच्या बागेतल्या त्याच वाफ्यात पहिले काम सुरू झाले. राजाने नाकाला शेला बांधला आणि शेणखतात हात घातला. दुर्वा शेजारी ढेकळे फोडत होती.

"आबा, गांडूळ!"

"टाक, टाक ते!"

"का टाकू? त्याचंच तर घर आहे हे. आबा, त्याला डोळे असतात का?"

राजाला ठाऊक नव्हते. लेक इतके प्रश्न विचारते, हेही त्याला त्याच दिवशी कळले.

मग बी लावायची वेळ आली. त्या राजघराण्याची एक रीत होती. जे मौल्यवान, ते कमरेइतके खोल पुरायचे आणि वर शिळा ठेवायची. मोती तसेच पुरलेले, मुकुट तसेच पुरलेले. राजाने बीही तसेच पुरले. स्वतः खड्डा खणला, स्वतः शिळा लोटली आणि पहाऱ्याला बसला.

काहीच उगवले नाही. सातभाई शिळेवर नाचू लागले. "महाराज, बी पेरलंत की तुरुंगात टाकलंत?"

तेवढ्यात वाफ्याच्या कडेवरून दुर्वेची हाक आली. "आबा, इकडे या! माझ्या मुठीतून सांडलं होतं, ते बघा उगवलंय!"

वाकड्यातिकड्या ओळीत तीन रोपे उभी होती. राजा मातीतच बसला.

"मी तर किती जपले होते."

"फारच जपलंत, आबा."

राजाने मागे वळून महालाची ती उंच खिडकी पाहिली.

एक रोप अळीने खाल्ले. दुसरे राजाने उपटले, मुळा धरला का ते पाहायला.

"आबा!" दुर्वा ओरडली. "पुन्हा हात लावलात तर बोलणार नाही मी तुमच्याशी!"

तेव्हापासून राज्याचा धनी हात पाठीमागे बांधून उभा राही आणि विचारी, "पाणी घालू का?"

"थोडंच."

अखेर तिसरे रोप भरले. दुर्वेने दोन्ही हातांनी मुळा उपटला, पांढराशुभ्र, मातीने माखलेला. तेवढ्यानेही तिला धाप लागली. राजाने तिचे काटकुळे मनगट पाहिले आणि त्याचा धीर सुटला.

"आधी तू खा, बाळ. एकच घास. चेटकिणीला कोण सांगणार आहे?"

"आम्ही!" सातभाई एका सुरात म्हणाले.

दुर्वा हसली आणि फाटकाकडे चालू लागली. बाहेर तगर उभी होती.

"हा तुझा. तुलाच हाकललं होतं ना?"

तगरने मुळा परकराला पुसला न पुसला आणि कचकन चावला. "आई गं, तिखट!" तिने उरलेला मुळा दुर्वेपुढे धरला. "एकटीने कसा खाऊ? धर की!"

दुर्वेने डोळे मिटून घास घेतला. राजा पुढे वाकला. सातभाईही फाटकावर उतरले.

"माती लागते का, बाळ?"

"थोडी लागते," दुर्वा चावता चावता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आले. "आणि तिखट! आबा, तिखट लागतंय!"

तिने तो घास गिळला, आणि दुसरा मागितला.

शाप असा उतरला. राजा ताळ्यावर आला. फाटक काढून टाकले, सेवकांनी पाने झेलणे सोडले आणि गावच्या पोरांना आपापले वाफे मिळाले. राजाने लोटलेली ती शिळा मात्र अजून तिथेच आहे. पोरे तिच्यावर बसून मुळे खातात. महाराजांनी फार वाट पाहिली, तर त्यांनाही अर्धा देतात.