साळुंकीच्या घरचं स्वागत

पाखरं माणसांसारखी बोलत आणि माणसांइतकाच शिष्टाचार पाळत, त्या काळची गोष्ट. वडावरच्या सभेत पाहुण्यांचं स्वागत करायला एक पिल्लू नेमायचं होतं. साळुंकीने आपल्या पिल्लाला वाक्य शिकवलं, "यावं महाराज, आमचा वड पावन झाला." सणावारी ती ते घोकूनही घेई. एरवी मात्र फांदीवर कुणी टेकलं की ती घरट्यातून पुटपुटे, "आला मेला! दाणे झाका रे."

निवडीच्या दिवशी पाहुणा म्हणून मोर आला. साळुंकी शेजारच्या कावळीला म्हणाली, "ऐका आता आमच्या राजसाला."

पिल्लाने लवून नमस्कार केला आणि गोड आवाजात म्हटलं, "आला मेला! दाणे झाका रे."

कावळीने विचारलं, "अगं साळू, आम्ही येतो तेव्हाही हेच?"

"हो मावशी, रोज," पिल्लू म्हणालं.

निवड करणारं म्हातारं घुबड शांतपणे म्हणालं, "उच्चार स्वच्छ आहेत. घरचा सराव दिसतो."

साळुंकीने पिल्लाला रागवायला चोच उघडली. पण आतून कोणते शब्द बाहेर पडतील, याची तिलाच खात्री वाटेना. तिने चोच मिटली आणि मान पिसांत खुपसली.