चिमी शिंपिणीचं हिरवं घर

एक होती चिमी. चिमी म्हणजे शिंपीण पाखरू, बरं का! अंगठ्याएवढं अंग. शेपटी उभी. चोच सुईसारखी.

चिमीनं जास्वंदीची दोन पानं जवळ ओढली. कापसाच्या दोऱ्यानं शिवली. टाका टाका, टाका टाका! झालं हिरवं घर. आता त्यात अंडी घालायची.

चिमी गेली कापूस आणायला. परत येते तर काय? घर गायब! अगं बाई गं!

कुठे गेलं? शाळेत गेलं. मुलं शाळेच्या वहीसाठी गावचे प्राणी-पक्षी शोधत होती. कुणी लिहायचं, कुणी रंगवायचं, कुणी फोटो काढायचा. मुलांना वाटलं, रिकामं घर, कुणाचंच नाही. आणि तोडलं की हो! काय म्हणावं या पोरांना?

चिमी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. वर्गात वेणू चित्र काढायला बसली होती. घर तिच्यापुढेच.

"वेणूताई, वेणूताई,
घर माझं मिळेना!"

"यशूला आधी नाव लिहू दे. मग चित्र काढते. मग घर देते."

घराचं पान जरासं मलूल झालं. चिमी गेली यशूकडे. टुणुक टुणुक.

"यशूदादा, यशूदादा,
चित्र होईना,
घर माझं मिळेना!"

"फोटो बघितल्याशिवाय नाव कसं कळणार? नसीमाला आधी फोटो काढू दे. मग लिहितो."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"नसीमाताई, नसीमाताई,
अक्षर उमटेना,
चित्र होईना,
घर माझं मिळेना!"

"अगं, टॅब झोपलाय! सोलर प्लेटला आधी वीज देऊ दे. मग फोटो काढते."

पानाची कड पिवळी झाली. चिमी उडाली छपरावर. भुर्र!

"प्लेटमावशी, प्लेटमावशी,
फोटो निघेना,
अक्षर उमटेना,
चित्र होईना,
घर माझं मिळेना!"

"ऊनच नाही बाई! ढगाला आधी सरकू दे. मग वीज देते."

चिमी आणखी वर उडाली. भुर्र भुर्र!

"ढगोबा, ढगोबा,
वीज येईना,
फोटो निघेना,
अक्षर उमटेना,
चित्र होईना,
घर माझं मिळेना!"

"मी जाड्या. आपला आपण कसा हलू? वाऱ्याला आधी सुटू दे. मग सरकतो."

वारा चिंचेत झोपला होता. घुर्र घुर्र. चिमी दमली होती. तरी ओरडली,

"वारोबा, वारोबा,
ढग सरकेना,
वीज येईना,
फोटो निघेना,
अक्षर उमटेना,
चित्र होईना,
घर माझं मिळेना!"

वारा उठून बसला. "अंडी घालायचीत ना तुला? आणि मी खुशाल झोपलोय! आलोच बघ."

सूंऽऽ! वारा सुटला.
ढग सरकला.
वीज आली.
टिंग! टॅब उठला.
खटक्! फोटो निघाला.
अक्षर उमटलं.
चित्र झालं.

वेणूनं घर उचललं. "घे गं चिमी, तुझं घर."

चुर्र!

पान वाळून गेलं होतं. टाके तुटले. घराचा चुरा झाला.



वेणूला रडू आलं. "चुकलं गं आमचं. तू आलीस तेव्हाच द्यायला हवं होतं."

यशू म्हणाला, "तोडायलाच नको होतं."

नसीमानं टॅब बंद केला.

चिमी जास्वंदीवर गेली. नवी दोन पानं शोधली. जवळ ओढली. पुन्हा पहिल्यापासून. टाका टाका, टाका टाका. दोन दिवस लागले. मग तिनं तीन अंडी घातली. इवली इवली.

मुलं शाळेच्या पायरीवर बसली. हात पाठीमागे. लांबूनच जास्वंदीकडे बघत होती. वेणूनं नवं चित्र काढलं. त्यात चिमी अगदी ठिपक्याएवढी.

नसीमा म्हणाली, "जरा जवळ जा की. नीट दिसेल."

"नको," वेणू म्हणाली. "तिचं घर आहे ते."