सगुणाबाई कुणातली

“पण ख्रिस्त एकच ना, बाबा? एवढंच सांगा मला. एक की दोन?”

“एक.”

“मग भिंतीच्या अलीकडं शिंपडणीवाले आन् पलीकडं डुबकीवाले, हे कशापायी?”

हनोखबाबा बायकोच्या कबरीवरचं गवत उपटत होता. त्यानं मान वर केली नाही.

“आई कधी गेली तुझी?”

“पहाटे.”

“आन् तू भर दुपारी माझ्यापुढं उभा राहून ख्रिस्त मोजतोस.”

नथानिएलनं कपाळावरचा घाम पुसला. वैशाखाचं ऊन होतं. घरात आई बर्फाच्या लादीवर होती, आणि लादीचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं तो आपल्या डोळ्यांनी बघून आला होता. संध्याकाळच्या आत माती द्यायलाच हवी होती. पण माती द्यायची कुठं?

बेलखेडीत ख्रिस्ती घरं साठ, मंडळ्या दोन. एकीत तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. दुसरीत जाणत्या माणसाला ओढ्यात पार बुडवून वर काढतात. शिंपडणीवाले आणि डुबकीवाले ही नावं गावानं पाडली आणि ह्या शहाण्यांनी ती मिरवली. पाणी दोघांचंही त्याच ओढ्याचं. तरी दफनभूमीत मधोमध कमरेएवढी भिंत, मेलेली माणसं उठून भांडतील म्हणून की काय कोण जाणे. खड्डे मात्र दोन्हीकडचे एकटा हनोखबाबा खणायचा. त्या कामाला दोन्हीकडून दुसरा कुणी पुढं यायचा नाही. बाबा स्वतः शिंपडणीवाला.

“पंचांकडं गेलतास?”

“दोन्हीकडच्या गेलो. दोघं एकच बोलले. आमच्या पुस्तकात नाव नाही, आमच्या जमिनीत जागा नाही.”

“चला. एकदा तरी एकमत झालं म्हणायचं.”

“थट्टा करू नका, बाबा.”

“थट्टा कोण करतंय… नाव तर व्हतं तिचं आमच्या पुस्तकात. तिच्या आईचं बी व्हतं. कुणी काढलं?”

नथानिएलनं चपलेनं माती उकरली.

काढलं त्यानंच होतं. दोन वर्षं शहरात बायबलचा वर्ग करून आला तो मान ताठ करूनच. येशूनं कुठली मंडळी काढली होती, दाखवा मला, असं चारचौघांत विचारायचा. म्हाताऱ्यांना उत्तर देता यायचं नाही, आणि त्यांना उत्तर देता येत नाही ह्याचंच त्याला बरं वाटायचं. मग त्यानं पंचांना कागद दिला. माझं व माझ्या आईचं नाव कमी करावं. आम्ही कुणातलेच नाही. आम्ही फक्त ख्रिस्ती. खाली आपली सही. शेजारी सगुणाबाईचा अंगठा.

“तिला काय सांगून अंगठा घेतलास?”

“सांगितलं… देवाचं काम आहे.”

“हं.”

बाबानं उपटलेल्या गवताची मूठ बाजूला टाकली.

“तुझ्या मंडळीत माणसं किती?”

“मंडळी नाहीच ती, बाबा. तेच तर मी म्हणत होतो…”

“किती?”

“मी आणि आई.”

“आता?”

नथानिएल भिंतीकडं बघत राहिला. भिंतीवर एक सरडा होता. तोही हलत नव्हता.

बाबानं विचारलं, “रविवारी कुठं जायची आई?”

“मावशीकडं. वरच्या आळीला.”

“कोण म्हणालं?”

“तीच सांगून जायची.”

“आमच्या मंडळीच्या देवळामागं बसायची. लिंबाखाली, भिंतीला पाठ लावून. दोन वर्षांत एक रविवार चुकवला नाही. आत गाणं लागलं की हिचे ओठ हलायचे. आवाज काढायची नाही.”

“…तुम्ही आत का नाही घेतलं?”

“दोनदा हात धरला. म्हणाली, भावजी, अंगठा दिलाय पोराच्या कागदावर. पोराची मान खाली नको जायला.”

नथानिएल खाली मातीत बसला. ढेकूळ टोचलं, तरी हलला नाही.

“मागल्या नाताळात नवा पाळक आला व्हता पाहुणा. त्याला काय ठाऊक. बाहेर आला, हिला बघून विचारलं, बाई, तुम्ही कुणातल्या?”

“काय म्हणाली?”

बाबानं शेजारी पडलेला विळा उचलला. त्याला ते सांगायचंच नसावं. विळा पालथा घातला, पुन्हा सुलटा केला.

“म्हणाली, आधी व्हते.”

…

ओढ्याकडून वाऱ्याची एक झळ आली आणि गेली.

“लोकं सांगत सुटतात ना,” बाबा म्हणाला, “मी ह्यांच्यातला, मी त्यांच्यातला. लग्नात सांगतात, दवाखान्यात सांगतात, यष्टीत शेजारी बसलेल्याला सांगतात. तुला वाटलं, मिरवतात.”

“मग काय करतात?”

“भ्यातात.”

“कशाला?”

बाबानं विळ्याचं टोक जमिनीला लावलं.

नथानिएल घाईघाईनं म्हणाला, “मी आत्ता जातो. पंचांच्या पाया पडतो. नाव लावा म्हणतो परत, माझं बी आन् तिचं बी.”

“तुझं लावतील. मेलेल्या माणसाचं नाव पुस्तकात चढत नाही. आमच्यात नाही आन् त्यांच्यातही नाही.”

“मग भिंतीबाहेर नेतो. ओढ्याच्या काठाला.”

“तिथं कुत्री उकरतात.”

हे ऐकून तो रडला. मोठा बाप्या माणूस, वर्गात पहिला आलेला, लहान पोरासारखा हमसून रडला. बाबानं त्याला उगी केलं नाही. रडू दिलं. खड्डे खणून खणून रडणं किती वेळ चालतं हे त्याला ठाऊक झालं होतं.

मग गुडघ्यावर हात ठेवून म्हातारा उठला.

बेलखेडीत एक चाल आहे. नवराबायकोतलं एक गेलं की मागं राहिलेल्याची जागा शेजारीच राखतात. चुना लावलेली लाकडाची खुंटी ठोकतात. ती जागा मग ज्याची त्याची, पंचसुद्धा त्या खुंटीला हात लावत नाहीत. बाबाची बायको मार्थाबाई, त्याच्या तोंडी ‘आमची मंडळी’, जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षं तिच्या डाव्या अंगाला हनोखबाबाची खुंटी उभी होती. दर नाताळाला तो तिला नवा चुना द्यायचा.

बाबानं खुंटीला दोन्ही हात घातले. हलवली. ती जागची हलेना, चांगली मुरली होती. त्यानं तिला इकडं रेटलं, तिकडं रेटलं, तोंडातून एक शिवी काढली आणि उपटली.

मग पहार उचलून नथानिएलपुढं धरली.

“खण.”

“बाबा, ही तर तुमची…”

“व्हय.”

“मग उद्या तुम्ही कुठं?”

“वर हातभर माती मऊ हाय. खाली मुरूम लागंल, तवा जोर कर. बोलण्यात दम घालवू नको.”

नथानिएल उठला. सदरा काढून भिंतीवर टाकला. पहिले घाव वेडेवाकडे पडले. जन्मात त्यानं खड्डा खणला नव्हता, दुसऱ्याचे खड्डे तो लांबून बघायचा आणि वचन म्हणायचा. तळहाताला फोड आला. फोड फुटला. बाबा बघत होता आणि अधूनमधून नुसतं बोट करत होता… इथं सरळ कर… डोक्याकडं रुंद घे.

खड्डा मांडीएवढा खोल झाला तेव्हा नथानिएल थांबला. पहारीवर रेलून धापा टाकू लागला.

“बाबा… संध्याकाळी पंच येतील. दफनाची चिठ्ठी भरल्याशिवाय पेटी खाली उतरू द्यायचे नाहीत. विचारतील, ही बाई कोणत्या मंडळीची? मी काय सांगू?”

हनोखबाबा मार्थाबाईच्या कबरीशेजारी टेकला होता. त्यानं तिच्या मातीवर पालथा हात ठेवला. शेजारी निजलेल्या माणसाला जागं न करता हात ठेवावा, तसा.

“सांग,” तो म्हणाला, “हनोखची मंडळी जरा सरकून निजली.”