हवेतलं चाक

“एक्केचाळीसची घालू का सदतीसची, वस्ताद? तेवढं एकच सांगा.”

नूरवस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली, उदाजीकडं पाहिलं आणि पुन्हा बशी उचलली.

उदाजी चौगुलेचा हा प्रश्न आजचा नव्हता. गेल्या दिवाळीपासून तो भेटेल त्याला हेच विचारत होता. पानवाल्यालासुद्धा विचारून झालं होतं म्हणतात. एवढं करून गडी साधा नव्हे बरं! कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर त्याच्यासारखा हात दुसऱ्याचा नाही, असं लोक म्हणायचे, आणि लोक विसरले तर तो स्वतः आठवण करून द्यायचा. घरामागच्या शेडमध्ये त्यानं आपल्या हातानं अख्खी मोटार उभी केली होती. सांगाडा त्याचा, पत्रा त्याचा, इंजिन भंगारातून आणून जिवंत केलेलं.

आता घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या दातेरी चक्रांच्या पेटीत.

त्यातलं मोठं चक्र एक्केचाळीस दात्यांचं घातलं, तर गाडी डोंगर हसत चढणार, पण हायवेवर बोंबलत राहणार. सदतीसचं घातलं, तर हायवेवर पळणार, पण चढाला मान टाकणार. उदाजीला दोन्ही पाहिजे होतं. घाटही चढला पाहिजे आणि पुण्याच्या रस्त्यावर लोकांनी वळून वळून बघितलंही पाहिजे. म्हणून तो डिफरन्शियल उघडायचा, तेल काढायचा, चक्रांची जोडी बदलायचा, गल्लीच्या टोकापर्यंत रिकामी गाडी न्यायचा आणि परत येऊन पुन्हा पाने हातात घ्यायचा. सकाळी ठरवलेलं दुपारी फिरायचं. जेवताना त्याची बोटं ताटावर दाते मोजायची.

तिकडं त्याच्या आईचा भाऊ डोंगरावरच्या वाडीत अंथरुणाला खिळला होता. एसटी पायथ्यालाच थांबते आणि म्हातारीचे गुडघे गेलेले. शेजारचा जीप घेऊन दारात उभा राहिला होता. त्याला उदाजीनं वाटेला लावलं. माझी गाडी असताना माझी आई दुसऱ्याच्या गाडीत बसणार? छे!

आईनं कधी नेतोस म्हणून विचारलं की तो सांगायचा, डिफरन्शियल झालं की. ते काय असतं हे त्या बिचारीला ठाऊक नव्हतं. पण गल्लीत बायकांनी विचारलं की तीही म्हणायची, त्याचं ते झालं की जाणार आम्ही.

काल वाडीहून निरोप आला. मामा आता कुणाला ओळखत नाही, नुसता बहिणीचं नाव घेतो.

तेव्हापासून उदाजीचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसलं की उठावं वाटे, उठलं की कुठं जावं कळेना. ज्यांनी लहानपणी त्याच्या हातात पहिला पाना दिला, त्या वस्तादांकडं तो शेवटी आला होता. म्हातारपणी त्यांनी काम सोडलं होतं. बोलणंही बरंचसं सोडलंच होतं.

“वस्ताद... आज निकाल लावाच.”

वस्तादांनी चहा संपवला, टोपी घातली आणि उदाजीच्या घराची वाट धरली. उदाजी मागून पळतच निघाला.

शेडमध्ये मोटार उभी होती. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर सदतीसच्या जोडीचं खोकं ठेवलेलं होतं. वस्तादांनी एकवार गाडीभोवती फेरी मारली आणि मागचं एक चाक जॅकवर उचलायला सांगितलं.

“एकच?”

“एकच.”

उदाजी खूश झाला. वस्ताद आता काहीतरी मोजणार आणि सांगून टाकणार, असं त्याला वाटलं. त्यानं पुढच्या चाकांना विटा लावल्या, चाक उचललं आणि आत जाऊन बसला. वस्तादांनी खुणेनंच सांगितलं... चालू कर, गेअर टाक, दाब.

हवेतलं चाक भणाणत सुटलं. शेडचे पत्रे थरथरले, धुरानं डोळे चुरचुरायला लागले. वस्ताद मागं हात बांधून उभे.

आवाज ऐकून आई मागच्या दारात आली. पदर सावरत घाईघाईनं आली, हे उदाजीनं आरशात पाहिलं. गाडी जागची हलत नाही असं बघून ती क्षणभर थांबली आणि मुकाट आत गेली.

“काटा कितीवर?” वस्तादांनी विचारलं.

“साठवर.”

“मघापासून साठनं चाललोय... कुठवर आलो?”

उदाजीनं गेअर काढला, इंजिन बंद केलं. त्याला रागच आला. इथं आपला जीव टांगणीला लागलाय आणि म्हाताऱ्याला थट्टा सुचते.

“वस्ताद, एक चाक हवेत आहे. ज्याच्यावर भार नाही तेच फिरत राहतं. भार असलेलं जागचं हलत नाही. तुम्हीच शिकवलंय मला.”

“मी शिकवलं व्हय?”

“व्हय.”

“म्हणजे ठाऊक होतं तुला...”

हवेतलं चाक अजून गरगरतच होतं. उदाजीनं मागच्या दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. त्याला एकाएकी फार लाज वाटली.

वस्तादांनी वाकून जॅक सोडला. चाक जमिनीला टेकलं. मग ते पुढं आले, सीटवरचं खोकं दोन्ही हातांनी उचलून त्यांनी खाली जमिनीवर ठेवलं, आणि खांद्यावरच्या रुमालानं सीटवरची धूळ झटकायला लागले. ऑइलचा एक डाग निघेना, तो ते घासत बसले.

उदाजी खाली उतरला. हात पुसत, चाचरत उभा राहिला. खोडच ती, जाते कुठं?

“आता आत एक्केचाळीसची जोडी आहे, वस्ताद. तीच राहू दे... का सदतीसची बसवून मगच...”

वस्तादांनी रुमाल झटकून पुन्हा खांद्यावर टाकला.

“आईला हाक मार,” ते म्हणाले. “चपला घालूनच ये म्हणावं.”