लवंगीची शनिवारची बस

एक होती चिचुंद्री. तिचे नाव लवंगी.

नाक लवंगेएवढे. शेपटी दोऱ्याएवढी. आणि वास? वास मात्र खोलीभर!

लवंगी पिठाच्या गिरणीत काम करी. सांडलेले पीठ गोळा करी. सोमवार ते शुक्रवार. राही गिरणीच्या भिंतीमागे. एकटीच. वास येतो म्हणून तिच्याजवळ कुणी बसत नसे. लवंगी कुणाला काही म्हणत नसे.

तिचे घर दूर होते. दूर डोंगराच्या पायथ्याशी. घरी आई होती. वेलची होती. मिरी होती.

चिचुंद्र्या चालतात कशा, ठाऊक आहे? आई सगळ्यांत पुढे. वेलची आईची शेपटी धरते. मिरी वेलचीची शेपटी धरते. लवंगी मिरीची शेपटी धरते. अशी माळ झाली, की कुणी हरवत नाही.

लवंगी सगळ्यांत शेवटी. तिची शेपटी धरायला कुणी नाही.

दर शनिवारी हिरवी बस येई. घुर्रर्र, घुर्रर्र! लवंगी दोन कवड्या देई आणि घरी जाई. दोन दिवस माळेत चाले. रविवारी संध्याकाळी परत येई. परतीच्या कवड्या आई देई.

एका शनिवारी लवंगी थांब्यावर आली. काखेत गाठोडे. गाठोड्यात तीन कवड्या. दोन कवड्या तिकिटाच्या. एक कवडी आईच्या गुळाची.

ऊन थांब्यावर आले. ऊन थांब्यावरून गेले.

बस आली नाही.

लवंगी एकटी. शेपटी मोकळी.

तुरुतुरु, तुरुतुरु, भिंतीच्या कडेकडेने लवंगी निघाली. चिचुंद्री कधी मधून चालत नाही. चिचुंद्री नेहमी कडेने चालते.

डेपोत बस उभी होती. दिवे मिटून, गप्प.

"बसताई, बसताई, चल ना!
बस हलेना, घर दिसेना."

बसने एक दिवा उघडला.

"नेलं असतं गं तुला. पण डिझेल झालं महाग. शुक्रवारपर्यंत पुरतं. शनिवारी माझं पोट रिकामं. हत्तीदादा डिझेल देईल, तर मी हलेन. नाहीतर हलणार नाही."

बसने दिवा मिटला.

लवंगी एकटी. शेपटी मोकळी.

तुरुतुरु, तुरुतुरु, भिंतीच्या कडेकडेने लवंगी निघाली.

हत्तीदादा पंपावर बसला होता. सोंडेने डिझेल भरणे, हे त्याचे काम.

"हत्तीदादा, हत्तीदादा, डिझेल दे ना!
डिझेल मिळेना, बस हलेना.
बस हलेना, घर दिसेना."

हत्तीदादाने सोंड पलीकडे वळवली. एवढे लांब नाक! त्याला वासही तेवढाच लांबून येई.

"फुकट का येतं डिझेल, लवंगे? साळुंकीआक्का कवड्या देईल, तर मी डिझेल देईन. नाहीतर देणार नाही."

लवंगी एकटी. शेपटी मोकळी.

तुरुतुरु, तुरुतुरु, भिंतीच्या कडेकडेने लवंगी निघाली.

साळुंकीआक्का म्हणजे बसची कंडक्टर. गळ्यात थैली. चोचीत शिट्टी.

"पुढे सरका, पुढे सरका!" आक्का ओरडली.

"आक्का, मी एकटीच आहे."

"सवय गं, सवय! बोल."

"साळुंकीआक्का, साळुंकीआक्का, कवड्या दे ना!
कवड्या पुरेनात, डिझेल मिळेना.
डिझेल मिळेना, बस हलेना.
बस हलेना, घर दिसेना."

आक्काने थैली हलवली. खुळखुळ झाली नाही.

"ऐकलंस? काहीच ऐकू आलं नाही ना? तिकीट आहे दोन कवड्यांचं. ते तीन कवड्यांचं झालं, तर शनिवारचं भागेल, रविवारचंही भागेल. कासवतात्या तिकीट वाढवतील, तर मी कवड्या देईन. नाहीतर देणार नाही."

लवंगी एकटी. शेपटी मोकळी.

तुरुतुरु, तुरुतुरु, भिंतीच्या कडेकडेने लवंगी निघाली.

कासवतात्या डेपोचे मोठे साहेब. समोर टेबल. टेबलावर शिक्का. तात्या मात्र पाठीच्या आत.

"कासवतात्या, कासवतात्या, तिकीट वाढवा ना!
तिकीट वाढेना, कवड्या पुरेनात.
कवड्या पुरेनात, डिझेल मिळेना.
डिझेल मिळेना, बस हलेना.
बस हलेना, घर दिसेना."

हळू... हळू... हळू... तात्यांची मान बाहेर आली.

"अर्ज आणला आहेस का?"

"नाही, तात्या. मीच आले."

"बरं, बरं. हे बघ, मुली. मागे एकदा मी तिकीट वाढवणार होतो. कागद लिहिला. भिंतीला लावला. शेळीबाईंनी तो खाल्ला! सगळाच्या सगळा. म्हणून सांगतो. मंडळी मानतील, तर मी तिकीट वाढवीन. नाहीतर वाढवणार नाही."

हळू... हळू... हळू... तात्यांची मान आत गेली.

लवंगी एकटी. शेपटी मोकळी.

तुरुतुरु, तुरुतुरु, भिंतीच्या कडेकडेने लवंगी निघाली.

बाजारात मंडळी बसली होती. बसने जाणारी-येणारी मंडळी. शेळीबाई, बदकराव आणि ससोबा. ती बसली होती पटांगणाच्या मधोमध. लवंगी थांबली पटांगणाच्या कडेला. तिथूनच बोलली.

"मंडळी, मंडळी, माना ना!
मंडळी मानेनात, तिकीट वाढेना.
तिकीट वाढेना, कवड्या पुरेनात.
कवड्या पुरेनात, डिझेल मिळेना.
डिझेल मिळेना, बस हलेना.
बस हलेना, घर दिसेना."

"तीन कवड्या?" शेळीबाई म्हणाल्या. "आणि बस आली नाही, तर? कवडी गेली, बसही गेली!"

"मागे म्हणाले, थांब्यावर छप्पर घालू," बदकराव म्हणाले. "कुठे आहे छप्पर? पावसात भिजतो आम्ही."

"तुम्ही बदक आहात," शेळीबाई म्हणाल्या.

"माझं सोडा. तुम्ही भिजता ना? मी तुमच्यासाठी रागावतो."

"मीही तेच म्हणतो," ससोबा म्हणाला.

मग तिघेही एकदम म्हणाले, "आधी शनिवारी बस हलेल, तर आम्ही मानू. नाहीतर फुटकी कवडी देणार नाही!"

लवंगी एकटी. शेपटी मोकळी.

तुरुतुरु, तुरुतुरु, भिंतीच्या कडेकडेने लवंगी निघाली. कुठे? पुन्हा बसकडे.

"बसताई, बसताई, चल ना!
बस हलेना, मंडळी मानेनात.
मंडळी मानेनात, तिकीट वाढेना.
तिकीट वाढेना, कवड्या पुरेनात.
कवड्या पुरेनात, डिझेल मिळेना.
डिझेल मिळेना, बस हलेना.
बस हलेना, घर दिसेना."

बसने एक दिवा उघडला.

"हत्तीदादा डिझेल देईल, तर मी हलेन. नाहीतर हलणार नाही."

बसने दिवा मिटला.

लवंगी चाकाखाली बसली. चाक थंड होते. डेपो रिकामा होता. दूरवर डोंगर दिसत होता, नखाएवढा. चालत निघाली, तर पोचेपर्यंत सोमवार उजाडेल.

लवंगीने आपली शेपटी पुढे ओढून घेतली. स्वतःच धरली. बराच वेळ धरून बसली.

आणि मग तिला एक दिवस आठवला.

लवंगी तेव्हा अगदी लहान होती. अंगणात माळ चालली होती. आई, वेलची, मिरी, लवंगी. आई वळली. पुन्हा वळली. आईला समोर एक शेपटी दिसली. चिचुंद्रीला दिसते थोडे अंधूक. आईला वाटले, पुढेही कुणी आहे. आईने ती शेपटी धरली.

ती होती लवंगीची शेपटी!

मग काय? गोल, गोल, गोल! आईच्या मागे वेलची. वेलचीच्या मागे मिरी. मिरीच्या मागे लवंगी. लवंगीच्या मागे आई. सगळ्या चालत होत्या. कुणी कुठेच पोचत नव्हते. सकाळची दुपार झाली. पाय दुखले. शेपटी मात्र कुणी सोडीना.

शेवटी लवंगीने सोडली. मिरीची शेपटी सोडली आणि सरळ चालू लागली. गोल तुटला. लवंगी झाली पुढे. आई तिच्या मागे. त्या दिवशी सगळ्यांना घरी कुणी नेले? लवंगीने.

लवंगी चाकाखालून उठली.

तुरुतुरु, तुरुतुरु, लवंगी निघाली. भिंतीच्या कडेकडेने?

नाही. कडेने नाही!

लवंगीने भिंत सोडली. ती निघाली पटांगणाच्या मधून. डावीकडे भिंत नाही. उजवीकडे भिंत नाही.  तरी सरळ.

"ही बघा, पुन्हा आली," बदकराव म्हणाले.

 लवंगीने गाठोडे सोडले. तीन कवड्यांतली एक उचलली. आईच्या गुळाची. ती मंडळींच्या मधोमध ठेवली.

टप्!

"ही माझी तिसरी कवडी," लवंगी म्हणाली. "मी आधी देते. बस हलली, तर तिकिटात धरा. नाही हलली, तर बुडाली. बुडाली, तर माझी बुडाली."

शेळीबाईंचे चघळणे थांबले.

"घरी कोण आहे गं तुझ्या?"

"आई. वेलची. मिरी."

शेळीबाई डोंगराकडे बघत राहिल्या.

"माझं करडू आहे तिकडे. आजोळी. शनिवार आला, की हाका मारतं. इतक्या लांबून ऐकू येत नाहीत. मला मात्र येतात."

शेळीबाईंनी कवडी ठेवली. टप्!

"छपरासाठी मी अजून रागावलेलाच आहे," बदकराव म्हणाले. "हे सगळ्यांनी लक्षात ठेवा." आणि त्यांनी कवडी ठेवली. टप्!

"मीही तेच म्हणतो," ससोबा म्हणाला.

"म्हणू नकोस. ठेव!" शेळीबाई म्हणाल्या.

टप्!

मग चौघे डेपोकडे निघाले. लवंगी पुढे. मंडळी मागे.

मंडळी मानली, तिकीट वाढलं. तात्यांनी शिक्का मारला. ठप्प! "तिकीट तीन कवड्या. बस सातही दिवस." आणि तो कागद शेळीबाईंपासून लांब ठेवला.

तिकीट वाढलं, कवड्या पुरल्या. आक्काने थैली हलवली. खुळखुळ, खुळखुळ!

कवड्या पुरल्या, डिझेल मिळालं. हत्तीदादाने सोंड लावली. गुडगुड, गुडगुड!

डिझेल मिळालं, बस हलली. बसने एक दिवा उघडला. मग दुसराही उघडला. घुर्रर्र, घुर्रर्र!

"पुढे सरका, पुढे सरका!" आक्का ओरडली. आणि या वेळी सरकायला खरेच मंडळी होती.

लवंगी शेवटच्या बाकावर जाऊन बसली. नेहमीसारखी कोपऱ्यात. शेजारची जागा नेहमीसारखी रिकामी.

शेळीबाई आल्या आणि त्या जागेवर बसल्या.

लवंगी हळूच म्हणाली, "शेळीबाई, वास येतो ना माझा?"

"येतो."

"मग?"

"मग काय? माझा येत नाही वाटतं? सरक थोडी."

लवंगी थोडी सरकली. पण थोडीच.

बस हलली, घर दिसलं.

नखाएवढा डोंगर हाताएवढा झाला. हाताएवढा डोंगर आभाळाएवढा झाला. डोंगराखाली थांबा. थांब्यावर ऊन कलले होते. थांब्याच्या भिंतीला टेकून एक माळ उभी होती. आई. वेलची. मिरी. एकमेकींची शेपटी धरून, सकाळपासून.

लवंगी उतरली. रिकाम्या हातांनी. आईने गुळाविषयी विचारले नाही. आईने तिचे नाक हुंगले, कान हुंगले आणि पुन्हा नाक हुंगले.

लवंगी माळेच्या मागे जाऊ लागली. शेवटी. आपल्या जागेवर.

"मागे कुठे निघालीस?" आई म्हणाली. "उभं राहून राहून पाय भरले आमचे. वाटही दिसत नाही धड. आज तू पुढे हो, बाई."

लवंगी पुढे झाली.

मागून कुणीतरी तिची शेपटी धरली. हळूच. घट्ट.

तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

शेपटीला शेपटी जुळली,
गोष्ट घराकडे वळली.