मोराने सांभाळलेला पक्ष

फार पूर्वी पाखरांची सभा वडावर भरायची की पिंपळावर, हे आता खात्रीनं आठवत नाही. तिथला मंत्री मोर निवडणुकीत पडला, तेव्हा म्हातारी घार म्हणाली, "मोरराव, आता पक्ष सांभाळा." मोराला वाटलं, पक्ष म्हणजे पंख. तो आपली पिसंच विंचरत बसला.

इकडे कोणी विचारपूस करीना, म्हणून चिमण्या झाड सोडायला निघाल्या. साळुंकी करवादली, "अहो, तुमचे पंख नव्हेत, आपला पक्ष!"

मोर ओशाळला. गळलेली पिसं चोचीत धरून तो चिमण्यांच्या दारी गेला.

"अगंबाई, मंत्रीसाहेब! पुन्हा मतं मागायला?"

पिसं खाली ठेवत मोर म्हणाला, "नाही, ताई. घरट्यात अंथरायला आणलीत."

चिमण्या राहिल्या.

झाड वडाचंच होतं. पुष्कळ वर्षांनी मुद्दाम जाऊन पाहिलं, तेव्हाही तिथल्या घरट्यांत मोरपिसं अंथरलेली होती.